सीबीडी तेल सुरू करण्याआधी: तपासण्या, डोस आणि घरची वही

माझं मेडिकल सोलापुरात अशोक चौकाच्या बाजूला आहे. विड्या वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार, निवृत्त मास्तर अशी आमची गिऱ्हाइकं. गुडघे, कंबर आणि झोप या तिन्हींची रडगाणी मी काउंटरवर रोज ऐकते. अलीकडे त्यांच्या पिशवीतून एक छोटी काचेची बाटली निघायला लागली आहे. पुण्या-मुंबईतला मुलगा ऑनलाइन मागवून पाठवतो आणि आई ती घेऊन विचारायला येते, "ताई, हे माझ्या गोळ्यांसंगं चालतंय का ओ?"

सीबीडी मी दुकानात ठेवत नाही. पण प्रश्न रास्त असतो, आणि उत्तर देण्याआधी मी उलट विचारते: सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, लिव्हरची तपासणी शेवटची कधी झाली, आणि या बाटलीवर नेमकं काय छापलंय? तिन्ही उत्तरं हातात आल्याशिवाय पहिला थेंब जिभेवर घालू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मधल्या प्रश्नावर मी सगळ्यात जास्त अडून बसते.

लिव्हरचा विषय आधी

सीबीडी म्हणजे कॅनाबिडिऑल, भांगेच्या झाडातला एक घटक. त्याने नशा चढत नाही, नशा चढते ती त्याच झाडातल्या टीएचसी या दुसऱ्या घटकाने. नशा नाही म्हणून लोकांना ते निरुपद्रवी वाटतं. पण पोटात गेलेलं सीबीडी लिव्हरच निस्तरतं, आणि इतर कित्येक गोळ्या निस्तरणारी लिव्हरमधली विकरंही (एन्झाइम) तेच अडवून धरतं.

हे अंदाजाने बोलत नाही. अमेरिकेच्या एफडीएने जून २०१८ मध्ये एपिडायोलेक्स या शुद्ध सीबीडीच्या औषधाला मान्यता दिली, लहान मुलांच्या लेनॉक्स-गॅस्टॉ आणि ड्रावे या अवघड फिटच्या आजारांसाठी. त्याच्या चाचण्यांमध्ये औषध घेणाऱ्या १३ टक्के रुग्णांचं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं विकर, नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त चढलं. नुसतं दिखाऊ औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण १ टक्का होतं. त्या मुलांचे डोस मोठे होते आणि बऱ्याच जणांना फिटची इतर औषधंही चालू होती, म्हणून कुणी म्हणेल की धडधाकट माणसाला काय होतंय. तेही तपासून झालंय. एफडीएच्याच संशोधकांनी २०१ निरोगी प्रौढांवर चार आठवड्यांची चाचणी केली आणि ती २०२५ मध्ये प्रसिद्ध झाली. डोस वजनाच्या किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम. सीबीडी घेणाऱ्यांपैकी साधारण ५ टक्के लोकांची विकरं तिपटीपलीकडे गेली, आणि त्यांना स्वतःला बहुधा काही जाणवलंही नव्हतं. औषध थांबवल्यावर आकडे खाली आले.

आपल्याकडच्या बाटलीतून रोज जातात ते बहुधा दहा-वीस मिलिग्रॅम. तेवढ्याने लिव्हरवर येणारा धोका बराच कमी, हे मी मान्य करते. तरी बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल मिळून सात-आठ गोळ्या घेणाऱ्या पासष्टीच्या बाईवर वर्षभर सीबीडीचा काय परिणाम होतो याचा अभ्यास त्या निरोगी माणसांच्या चाचणीत नव्हता. ब्रिटनच्या अन्न खात्यानेही ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोगी प्रौढांसाठी रोजची सुचवलेली मर्यादा ७० मिलिग्रॅमवरून १० वर आणली. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, अठराखालच्या मुलांनी आणि डॉक्टरांचं औषध चालू असलेल्यांनी ते घेऊच नये, असंही तिथे सांगितलंय. डॉक्टरांना विचारून घेणाऱ्याने निदान मोजूनमापून घ्यावं.

म्हणून सुरू करण्याआधी रक्त द्या. एसजीपीटी, एसजीओटी, बिलीरुबिन. कुठल्याही लॅबमध्ये 'एलएफटी' म्हटलं की तिन्ही येतात. सोबत किडनीसाठी क्रिएटिनिन करून घेतलं तर उत्तम. सुरुवातीचा रिपोर्ट मी एवढ्या हट्टाने मागते त्याचं कारण साधं आहे. आपल्याकडे मधुमेहाबरोबर लिव्हरवर चरबी असलेली माणसं खूप, आणि त्यांचं एसजीपीटी आधीच साठ-सत्तर असू शकतं. दोन महिन्यांनी तपासलं आणि आकडा नव्वद आला, तर तो तेलाने चढला की मूळचाच होता हे सांगायला डॉक्टरांच्या हातात काहीच नसतं. पहिला रिपोर्ट असला की दोन कागद शेजारी ठेवून मिनिटात कळतं.

पुढच्या तपासण्या एपिडायोलेक्सच्या माहितीपत्रकात दिल्यात त्याच धर्तीवर कराव्यात: पहिल्या महिन्यानंतर, तिसऱ्यानंतर, सहाव्यानंतर. मध्येच डोस वाढवला किंवा लिव्हरवर ताण देणारी नवी गोळी लागली, तर त्यानंतर महिन्याच्या आत आणखी एकदा. त्या पत्रकाप्रमाणे एसजीपीटी तिपटीवर आणि बिलीरुबिन दुपटीवर गेलं की औषध बंद. एकटं एसजीपीटी पाचपटीवर टिकून राहिलं तरी बंद. पण ते नियम जीवघेण्या फिटसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली औषध घेणाऱ्यांचे आहेत. गुडघ्यासाठी किंवा झोपेसाठी घेताय तर एवढी वाट कशाला पाहायची? पहिल्या रिपोर्टच्या दुप्पट आकडा दिसला की बाटली बाजूला ठेवा आणि कागद डॉक्टरांकडे न्या, असं मी सांगते. गुडघेदुखी आणि झोप यांवरचा सीबीडीचा पुरावा अजून तोकडा आहे. त्यासाठी लिव्हर पणाला लावू नये.

गोळ्यांची यादी

एक कोरा कागद घ्या आणि घरात चालू असलेलं सगळं लिहा. डॉक्टरांच्या गोळ्या तर लिहाच, पण काढे, चूर्णं, आणि कुणी तरी दिलेल्या गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्याही लिहा. पुड्या लपवू नका, डॉक्टर रागावले तरी चालेल. दारू किंवा शिंदी रोजची असेल तर तीही लिहा. ज्याचं लिव्हर रोज दारूशी झुंजतंय त्याने सीबीडीच्या वाटेला जाऊ नये.

काही गोळ्या यादीत दिसल्या की मी सरळ थांबवते आणि आधी डॉक्टरांकडे पाठवते. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन किंवा अ‍ॅसेनोकुमारॉल ही त्यांतली पहिली. झडपेचं ऑपरेशन झालेले कितीतरी पेशंट या गोळ्यांवर असतात. सीबीडीमुळे वॉरफेरिनचा परिणाम वाढून आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा आकडा, वर गेल्याची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आहे. आयएनआर वर गेला की हिरड्यांतून, नाकातून, कधी पोटात रक्तस्राव. डॉक्टरांनी परवानगी दिलीच, तर सुरू केल्यापासून आठवड्याच्या आत आयएनआर तपासायचा, आणि स्थिर होईपर्यंत तपासत राहायचं.

अँजिओप्लास्टी झालेल्यांची क्लोपिडोग्रेल ही गोळी उलट्या बाजूने अडते. लिव्हरमधल्या एका विकराने तिला जागं केल्याशिवाय ती काम करत नाही, आणि नेमकं तेच विकर सीबीडी दाबतं. म्हणजे स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून घेतलेली गोळी कमी पडण्याची शक्यता. हृदयाच्या डॉक्टरांना न विचारता हा धोका कुणीही घेऊ नये.

फिटच्या गोळ्यांचं प्रकरण सगळ्यात नाजूक. क्लोबाझाम घेणाऱ्याने सीबीडी घेतलं तर क्लोबाझामचा शरीरात तयार होणारा सक्रिय घटक सुमारे तिपटीने वाढतो आणि माणूस दिवसभर पेंगतो. व्हॅल्प्रोएटबरोबर लिव्हरची विकरं चढण्याचा धोका आणखी वाढतो. साखर पेठेतली एक आई मुलाच्या फिटसाठी तेलाची बाटली घेऊन आली होती. तेल चालू करून जुन्या गोळ्या बंद कराव्यात असं तिच्या मनात होतं. मी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं की फिटची गोळी एकदम बंद केली तर फिट थांबतच नाही अशी वेळ येऊ शकते. एपिडायोलेक्ससुद्धा बहुतेक मुलांना जुन्या औषधांच्या जोडीनेच दिलं गेलं होतं. अशा मुलाचा निर्णय मेंदूविकारतज्ज्ञांच्या समोरच व्हायला हवा. मेडिकलच्या काउंटरवर किंवा मोबाइलवर तो होत नाही.

टीबीचा कोर्स चालू असेल तर तो संपेपर्यंत सीबीडीला हात लावू नका. रिफाम्पिसिन सीबीडीला झपाट्याने निकामी करतं, आणि आयसोनियाझिड, पायराझिनामाइड स्वतःच लिव्हरला त्रास देऊ शकतात. मग कावीळ कशाने झाली हे शोधण्यात टीबीचे डोस चुकतात. संधिवातासाठी आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनाही मी लिव्हरपायीच नको म्हणते. किडनी बदललेल्यांची टॅक्रोलिमस ही गोळी सीबीडीमुळे रक्तात वाढते, तिथे तर प्रश्नच नाही.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशा झोपेच्या गोळ्यांबरोबर गुंगी वाढते. रात्री लघवीला उठलेली म्हातारी माणसं पडतात आणि खुब्याचं हाड मोडतं. शुगरच्या पेशंटने आणखी एक लक्षात ठेवावं. सीबीडीने भूक कमी होते आणि काहींना जुलाब होतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेऊन जेवण अर्ध्यावर आलं तर शुगर खाली जाऊ शकते. पहिले दोन आठवडे घरच्या मशीनवर शुगर नेहमीपेक्षा जास्त वेळा बघा.

बाटली कशी वाचायची

भांगेच्या बियांचं तेल वेगळं. ते खाद्यतेल आहे, एफएसएसएआयने २०२१ मध्ये त्याला परवानगी दिली, आणि त्यात सीबीडी जवळजवळ नसतंच. बाटलीवर फक्त बियांचं तेल लिहिलेलं असेल तर तुम्ही विकत घेतलं ते सीबीडी नव्हे.

पानांच्या अर्काची उत्पादनं आपल्याकडे आयुर्वेदिक परवान्यावर, बहुधा 'विजया' या नावाने येतात. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजाच्या व्याख्येतून बिया आणि शेंड्यांशिवायची पानं वगळली आहेत, त्या आधारावर हा सगळा व्यवहार चालतो. मात्र औषध नियमांच्या अनुसूची ई-१ मध्ये, विषारी द्रव्यांच्या यादीत, भांग आहे. म्हणून डबीवर 'वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे' ही सूचना असायलाच हवी. ती सूचना, परवाना क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत यांतली एखादीही गोष्ट नसली तरी बाटली परत पाठवा.

मग आकडा बघा. 'विजया अर्क १५०० मिलिग्रॅम' आणि 'सीबीडी १५०० मिलिग्रॅम' या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अर्कात सीबीडी किती आणि टीएचसी किती, हे लॅबच्या तपासणी अहवालात मिळतं. तो अहवाल कंपनीकडून मागा आणि त्यावरचा बॅच नंबर तुमच्या बाटलीशी जुळतो का ते पाहा. शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा आणि कीटकनाशकं तपासलीत का तेही पाहा, कारण हे झाड जमिनीतले जड धातू ओढून घेतं. लेबलवर डोळे मिटून विश्वास का ठेवू नये? अमेरिकेत २०१७ साली ऑनलाइन मिळणारी ८४ उत्पादनं तपासली, तर जेमतेम ३१ टक्क्यांत लेबलइतकं सीबीडी निघालं, आणि १८ बाटल्यांमध्ये टीएचसी सापडलं. इथल्या पानांच्या अर्कात टीएचसी असणं तर अपेक्षितच आहे. हैदराबाद किंवा विजापूर रस्त्यावर ट्रक चालवणाऱ्यांना, एसटीच्या चालकांना आणि रेल्वेत गाडीवर असणाऱ्यांना मी म्हणूनच नाही सांगते. गुंगीचा धोका आहेच, शिवाय लघवीच्या तपासणीत टीएचसी दिसलं तर नोकरी जाईल.

थेंब मोजून भागत नाही

तेलाचा थेंब पाण्याच्या थेंबाएवढा नसतो, आणि प्रत्येक बाटलीचा ड्रॉपर वेगळा. सुईशिवायची १ मिलीची सिरिंज घ्या. घरात पडलेली इन्सुलिनची सिरिंज वापरू नका, तिच्यावरच्या खुणा युनिटच्या असतात आणि घोटाळा होतो. समजा ३० मिलीच्या बाटलीत खरोखरच १५०० मिलिग्रॅम सीबीडी आहे. मग १ मिलीत ५० मिलिग्रॅम, ०.१ मिलीत ५ मिलिग्रॅम. सुरुवात तिथूनच, रात्री एकदा. सिरिंजवर त्या खुणेला मार्करने रेघ ओढून ठेवा, म्हणजे चष्मा नसला तरी चुकत नाही.

वाढवण्याची घाई करू नका. रोज घेतलेलं सीबीडी रक्तातून निम्मं व्हायला साधारण अडीच दिवस लागतात. म्हणून कालचं पूर्ण गेलेलं नसताना आजचं वर चढतं, आणि पातळी स्थिरावायला दोनेक आठवडे जातात. तिसऱ्या दिवशी 'काही गुण नाही' म्हणून दुप्पट करणाऱ्याला गुंगी येते ती दहाव्या दिवशी.

जेवणाचा हिशेब लोकांना नवीन असतो. भरपूर तेलातुपाच्या जेवणावर घेतलं तर उपाशीपोटी घेतल्यापेक्षा शरीरात चौपट सीबीडी शोषलं जातं. आपल्या ताटात शेंगाची चटणी आणि वर तेलाची धार रोजची. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीतही शेंगदाण्याचा कूटच जास्त. एक दिवस उपाशीपोटी आणि दुसऱ्या दिवशी अशा जेवणावर घेतलं, तर सिरिंजवरची रेघ तीच राहून आतला डोस बदलतो. रोज एकाच वेळी, एकसारख्या जेवणानंतर घ्या.

एप्रिल-मे महिन्यांत पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा पत्र्याच्या घरात बाटली उघड्या फळीवर ठेवू नका. माठाजवळची अंधारी, गार जागा बरी. लहान मुलांच्या हाताला लागणार नाही हे मात्र बघा.

वहीत काय लिहायचं

शाळेची जुनी वही चालते. तारीख, डोस, जेवण, झोप कशी लागली, सकाळी गुंगी होती का, शौचाला किती वेळा, भूक कशी. आठवड्यातून एकदा वजन. बीपीच्या पेशंटने बसून आणि उभं राहून असं दोनदा बीपी मोजावं, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल तर तसं लिहावं. घरच्या माणसांनाही विचारावं. चिडचिड वाढलीय, गप्प गप्प बसतोय, जगण्याचा कंटाळा आल्यासारखं बोलतोय, हे पेशंटच्या आधी त्यांना दिसतं. असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.

लघवीच्या रंगावर मी मुद्दाम बोलते, कारण आपल्या उन्हात ती एरवीही पिवळीजर्द होते आणि खरी खूण त्यात हरवते. दोन-तीन तांबे पाणी प्या. पुढच्या दोन वेळांना रंग फिका झाला तर ते उन्हाचं होतं. पाणी पिऊनही कोऱ्या चहासारखी गडद राहिली, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात पिवळेपणा दिसला, अंगाला खाज सुटली, उजव्या बरगडीखाली दुखायला लागलं, अन्नावरची वासना उडाली किंवा सारखी मळमळ होते आहे, तर तेल तिथेच बंद करून त्याच दिवशी एलएफटी करा. अंगदुखी म्हणून मनाने पॅरासिटामॉल घेत बसू नका, तेही लिव्हरलाच जातं. बडबडणं, शुद्ध हरपणं, न थांबणारी उलटी, रक्तस्राव असेल तर १०८ ला फोन करा आणि सिव्हिल गाठा. बाटली आणि वही सोबत न्या, तिथल्या डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

सांध्यावर चोळायच्या मलमातलं सीबीडी रक्तात फार कमी उतरतं, तिथे एवढी धास्ती नको. फाटलेल्या कातडीवर मात्र लावू नका.

ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना तेलाबद्दल आधी सांगा आणि कधी थांबवायचं ते त्यांनाच विचारा.

डॉक्टरांना सांगायला लोक लाजतात, भांगेचं म्हटल्यावर काय म्हणतील म्हणून. तर एवढंच म्हणा: "डॉक्टर, मी अमुक दिवसांपासून रात्री सीबीडी तेल घेतोय, इतके मिलिग्रॅम, हा रिपोर्ट, ही गोळ्यांची यादी." हिशेबाने बोलणाऱ्या पेशंटचं डॉक्टर ऐकतात. समजा कुणी तरी झिडकारलंच, तरी यादी आणि रिपोर्ट घेऊन दुसऱ्यांकडे जा, पण लपवून घेऊ नका.

त्रास झाला तर त्याची नोंदही करा. औषधांचे दुष्परिणाम कळवायचा राष्ट्रीय टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे, पेशंट स्वतः फोन करू शकतो. आयुर्वेदिक परवान्याच्या उत्पादनांसाठी आयुष मंत्रालयाची वेगळी यंत्रणाही आहे. बॅच नंबर हाताशी ठेवा, म्हणून रिकामी बाटली लगेच टाकू नका.

बंद करतानाही डॉक्टरांना कळवायचं. सीबीडी चालू असताना वॉरफेरिनचा किंवा क्लोबाझामचा डोस त्यांनी कमी केला असेल, तर तेल थांबल्यावर तो कमी पडायला लागतो. सीबीडी अंगातून पुरतं जायला दोन आठवडे धरा, त्या काळात आयएनआर पुन्हा तपासा. आकडे चढले म्हणून बंद केलं असेल तर दोन आठवड्यांनी एलएफटी परत करा, आणि तरीही ते खाली आले नसतील तर लिव्हरचं दुसरं काही कारण आहे का ते डॉक्टरांना शोधू द्या.